मदतीला आलेली बावीस तोंडं

मी कझान बोलतोय. कझान म्हंजे बिडाची थोरली कढई, पोट खोल, कान चार. मला गोड बोलाया येत न्हाई. जलमभर बुडाखाली जाळ घेतलाय. जे बघितलं ते सांगतो, पटलं तर घ्या, न्हाईतर सोडा.

माझा जलम कारखान्यातला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात वतलं, गार झालं, कुनीतरी हातोडीनं ठोकून बघितलं, आवाज बरा आला. झालं. खिंडीपल्याडच्या नारीन गावच्या बाजारातनं मला जुमाबायनं उचलला. त्याचं नवं लगीन झालेलं. मला घोड्यावर पालथा बांधून, खिंड चढून त्यो गावात आला. त्याच्या बायकूनं, बुरुलनं, पहिल्या दिवशी माझ्यात मेंढीची चरबी वितळवली, आतनं भायेरनं चोळली आन म्हनली, "आता ह्यो आपल्या घरचा."

तवापासनं गावातली एक अशार माझ्याबिगर झाली न्हाई. अशार म्हंजे समद्या गावानं मिळून एकाच्या घरचं काम उरकायचं. भिंत उचलायची, छप्पर घालायचं, गवत आनायचं. मजुरी कुनी मागत न्हाई. पन ज्याचं काम, त्यानं आलेल्या समद्यांना मटनाचं जेवान घालायचं. कामाला आलेला मानूस कोरडा गेला की त्या घराला तोंड दाखवाया जागा ऱ्हात न्हाई. मी असल्या किती अशारी बघितल्या! घाम, शिव्या, हसनं, आन शेवटाला माझ्याभवती वाडगी घिऊन बसलेली मान्सं.

मंग जुमाबाय वारला. लेक रशियात टॅक्सी चालवाया गेला, महिन्याला फोन करतो. बुरुलची बुरुल आजी झाली. एकटीच्या पोटाला बारकं पातेलं पुरतं. मला गोठ्याच्या कडंला पालथा घातला. सात वरसं एक लंगडी कोंबडी माझ्या बुडावर बसत व्हती. ह्या वयात त्योच काय तो मान!

त्या वरसी पानगळ संपत आली व्हती. शाळेतल्या झामिरा बाई दारात आल्या, हातात वह्यांचा गठ्ठा.

"आजी, शनिवारी नववीची मुलं तुमच्याकडे येतील. लाकडं फोडतील, शेण्या रचतील, भिंतीला चुना देतील. पाच शनिवार."

"किती पोरं?"

"बावीस."

"बावीस!" आजीचं तोंड असं उजळलं, जनू जुमाबायच खिंड उतरून आला.

बाई निघून गेल्या. आजीनं कोंबडीला हाकललं, मला उताना केला आन वाळू घिऊन घासाया बसली. गंज निघता निघंना. हात दुखला की थांबायची, परत घासायची.

तिच्याकडं तीन मेंढ्या व्हत्या. त्यांची लोकर इकायची, कोकरं इकायची, त्यावर सालभर पीठ, च्या, सरपन. शेजारच्या सुयुनला तिनं सुरी घिऊन बोलावलं, तसा त्यो चिडला.

"आक्का, डोकं जाग्यावर हाय का? शाळेची पोरं ती. च्या पाज, पाव दे, लावून दे."

"माझ्या दारात बावीस जनं घाम गाळनार आन मी च्यावर वाटंला लावू? जुमाबाय थडग्यात कूस बदलंल. तू सुरी चालव, अक्कल नगं चालवू."

सुयुननं हात उचलून दुवा म्हटली आन पयली मेंढी कापली.

आता पोरांचं सांगतो. चूल आंगनात, लाकडाची रास माझ्या बगलंला, त्यामुळं त्यांचं समदं बोलनं माझ्या कानावर. बाईंनी म्होरं हजेरी घेतली. शनिवारचं चार तास भरलं की सेवेच्या वहीत शिक्का, असा शाळेचा नेम. खुशीनं आलेलं एक न्हाई, जनू जेलात आल्यात.

"वीस तास सेवा," तिलेक नावाचं एक उंच पोरगं कुऱ्हाडीवर रेलून म्हनालं. "मदत करायची तर मनानं. हजेरी घिऊन करवून घेतली तर तिला काय म्हनायचं, रं?"

"तिला म्हनायचं, कुऱ्हाड उचल."

हे बोलली ती कुंदुझ. वाळकी, रागीट, लाकडं अशी आपटत व्हती की माझ्या कानात घुमत व्हतं. ह्या पोरीचा राग मला वळखीचा वाटला. तिच्या घरी आजी अंथरुनाला खिळलेली. बाप परमुलखात, आई रानात एकटी. बटाटं अजून जमिनीत, आन हिम आज पडतं का उद्या. तिनं बाईंना इचारलं व्हतं, मी आजीला रोज धुते, पुसते, त्ये तास वहीत धरता का? बाई म्हनाल्या, घरचं ते कर्तव्य, सेवा ती परक्याची.

"म्हंजे मी तुझ्या आजीची गू-घान काढायची आन तू माझ्या," ती तिलेकला म्हनली. "मंग दोघांलाबी शिक्का."

"माझी आजी नगं. ती चावती."

हसली पोरं. पन काम अर्धंच झालं. निम्मी लाकडं फुटली, चुना भिंतीपेक्षा कपड्यांना जास्त लागला. एक पोरगं मात्र, येरमेक त्याचं नाव, शेण्या अशा काटकोनात रचत व्हतं की सुयुन उभा राहून बघाया लागला. त्याला कुनी सांगितलं न्हवतं. काईंला कामच आवडतं, त्याला काय करनार!

मंग बाईंनी फोटू काढला. जिल्ह्याच्या कचेरीला धाडायचा व्हता. आजीच्या हातात च्याचा पुडा दिला, पोरं भवती उभी केली. "हसा!" आजी आपसूक हसत व्हती. पोरं सांगितलं म्हनून हसली.

आन मंग आजीनं माझं झाकन काढलं. वाफ गेली वर. पोरं वाडगी घिऊन म्होरं सरकली. बाईंला मानाचा तुकडा मिळाला. त्या "नको, नको" म्हनल्या आन खाल्ला. दुसरं काय करतील? आजी उभ्या उभ्या समद्यांना वाढत व्हती आन मी तळापातूर रिकामा हुत व्हतो. खोटं कशाला बोलू, सात वरसांनी मला बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी दुसरी मेंढी.

त्या दिशी कुंदुझ चुना कालवाया गोठ्यामागं गेली. कुंपनावर दोन कातडी मीठ लावून वाळत टाकलेली. खुट्याला एकच काळी मेंढी, कान फाटका. पोरगी उभीच राहिली. मंग माझ्याकडं आली आन माझ्यात उकळत्या मटनाकडं बघत बसली. जेवताना तिचं वाडगं तसंच गार झालं.

"तिलेक," ती हळू म्हनली, "आपुन हिला खातोय."

"कुनाला?"

"आजीला. अजून तीन शनिवार हायत, मेंढी एक हाय."

तिलेकचा घास थांबला. "मंग फुडल्या बारीला जेवाया नगं म्हनू."

"तिच्या आंगनात राबून जेवाया नगं म्हननार? त्यापरीस तिच्या तोंडावर थुक की."

"मंग यायचंच न्हाई."

"मंग शिक्का?"

तिलेकनं वाडगं खाली ठिवलं. कुंदुझला शहरात नर्सचं शिकाया जायचं व्हतं. वही भरली न्हाई तर दाखल्यावर सही न्हाई, हे साऱ्या गावाला ठावं.

बाई पायरीवर बसून बुटातलं पानी काढत व्हत्या. त्यांचा बूट फाटलेला. कुंदुझ गेली आन सरळ बोलली, मेंढ्या संपत आल्यात. बाईंनी वही मिटली.

"आपण कोणी त्यांना स्वयंपाक करायला सांगितलं का?"

"सांगाया लागत न्हाई, बाई. तुमी बी ह्याच गावच्या."

"घर बदलायचं तर कचेरीला कळवावं लागतं. पाच शनिवार, एक घर. मी काय करू?"

बाई वाईट न्हवत्या. पन अशा मानसांचा मला लई राग येतो. जाळ लावत्यात आन वर म्हनत्यात, धूर का झाला?

शुक्करवारी सांजच्याला कुंदुझ एकटी आली. आजी मेंढीचं दावं खुट्यावरनं सोडत व्हती, सुयुनकडं न्यायला.

"आज्जे, उद्या आमच्यात अशार हाय. बटाटं काढायचंत. तुझा कझान देतीस का?"

आजीनं दावं हातात तसंच धरलं. "उद्या? उद्या तर तुमी माझ्याकडं येनार."

"पोरं माझ्याकडं येनारेत."

"बाईंला ठावं हाय?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. आजीनं तिच्याकडं बघितलं, मंग मेंढीकडं, मंग माझ्याकडं. आमच्यात कझान मागितला तर न्हाई म्हनत न्हाईत. आन दिलेला कझान रिकामा परत येत न्हाई. हे दोघींला ठावं. आजीला सगळं उमगलं का न्हाई, मला सांगता यायचं न्हाई. मी भांडं हाय.

"देते," ती म्हनली. "पन त्यो एकटा जात न्हाई. त्याला जाळ किती सोसतो हे मलाच ठावं. मी संगं येनार. आन आशाळभुतावानी बघू नगंस, ह्या मेंढीला बांध."

सकाळी हातगाडीवर घालून मला नेला, आजी एका हातानं माझा कान धरून बाजूनं चालत. कुंदुझनं वर्गाला आधीच सांगितलं व्हतं, या, पन शिक्का मिळनार न्हाई.

बावीसातली आठ आली.

आन ही आठ देवमान्सं व्हती असंबी समजू नका. तिलेक गाडीखाली तासभर झोपला. दोन पोरी बटाटं कमी आन गप्पा जास्त काढत व्हत्या. येरमेकनं पोत्यांची रांग लावली, सुतात. पन कुनी घड्याळ बघत न्हवतं, हे मात्र मी बघितलं. एकमेकांला शिव्या देत, ढेकळं मारत, दुपारपातूर निम्मं रान उकरून झालं.

माझ्यात त्या दिशी त्याच रानातलं बटाटं, गाजरं, कांदं, आन कुंदुझच्या आईनं राखून ठेवलेला चरबीचा गोळा. मटान न्हाई. आजीनं मला जाळ लावून दिला आन आत गेली, कुंदुझच्या आजीच्या उशाशी. एका गावात ऱ्हाऊन दोघी चार वरसांत भेटल्या न्हवत्या.

"मेली न्हाईस अजून?" आतनं अंथरुनावरचा आवाज आला.

"तुझ्या आधी जाऊ व्हय? तुझ्या मयताचं जेवान मलाच रांधायचंय."

दोघी हसल्या. एक खोकत हसली.

झाकन काढायच्या वक्ताला झामिरा बाई आल्या, मागं चौदा पोरं. त्या बुरुल आजीच्या दाराला कुलूप बघून आल्या व्हत्या.

"हा कार्यक्रम कोणी ठरवला?"

"बाई, हितं कार्यक्रम न्हाई," तिलेक गाडीखालनं म्हनाला. "बटाटं हायत."

"मला आज फोटो पाठवायचाय! मी काय उत्तर देऊ?"

बुरुल आजी उंबऱ्यात आली. "बाई, उभ्यानं वरडू नका. बसा. वाडगं घ्या." चौदा पोरं बाईंच्या आधीच बसली. बाई उभ्या राहिल्या, मंग बसल्या. चार घास खाल्लं. आन वाडगं खाली ठिवून म्हनल्या, "पण आजचे चार तास कोणालाच मिळणार नाहीत, कुंदुझ."

"नगं," पोरगी म्हनली. आन तिनं बाईंचं वाडगं परत भरलं.

मला परत पोचवला तवा माझ्यात काठापातूर बटाटं व्हतं, वर कांद्याची माळ. हातगाडीचं चाक वाकलं.

पुढचं दोन शनिवार बाईंनी कचेरीला कळवून वर्गाला सडकंच्या कडंच्या झाडांना चुना लावाया धाडलं. झाडं जेवाया घालत न्हाईत, त्यामुळं कुनाची अडचन झाली न्हाई.

कुंदुझची वही मातर चार तासांनी उनी राहिली. ही गोष्ट आजीच्या कानावर गेली, तशी तिनं पोरीला वहीसकट बोलावून घेतलं. आजीला लिहाया येत न्हाई. तिनं माझ्या बुडावर अंगठा फिरवला, काळाकुट्ट झाला, आन वहीच्या रिकाम्या चौकटीत दाबला.

"ह्यो घे शिक्का. चार तासांचा."

शाळेत त्यो चालला न्हाई. बाईंनी खोडरबरानं पुसाया घेतला. काजळी ती, पानभर पसरली. मंग कुंदुझनं उन्हाळ्याच्या तोंडाला एकटीनं चार तास अजून झाडं रंगवली, सही घेतली आन शहरात गेली. वही तिनं बरुबर नेली म्हनत्यात. मी बघितलं न्हाई.

काळी मेंढी व्याली. दोन कोकरं झाली, एकाचा कान जलमताच वाकडा.

आता मी परत गोठ्याच्या कडंला पालथा हाय. कोंबडी दुसरी हाय, हीबी बसती. येरमेक कधीमधी येतो, कुनी न बोलावता शेण्या नीट करतो आन निघतो. आजी त्याला वरडून च्याला थांबवती, त्योबी थांबतो.

तुमची पोरं कुठं धाडायचीच असली तर धाडा. माझं म्हननं एवढंच, धाडायच्या आधी त्या घराच्या खुट्याला किती जनावरं हायत, तेवढं बघून या. आन माझी गरज पडली तर मागा. मी न्हाई म्हननार न्हाई. फकस्त परत आनताना रिकामा आनू नका.