न जन्मलेल्यांची खुर्ची

निळीमावशी त्या खुर्चीत बसली ती केवळ गुडघ्यांमुळे.

पाणी, हवा, माती आणि लोकांचे कामधंदे पुढेही टिकावेत म्हणून सरकार एक आराखडा करत होतं, आणि तो मंत्र्यांनी आपापसात बसून करायचा नाही असं यंदा ठरलं होतं. देशातल्या प्रत्येक वस्तीने सभा भरवायच्या आणि आपल्या भागाचा एक तरी प्रश्न सगळ्यांनी मिळून सोडवायचा. या वस्तीच्या सभागृहात अर्धगोलात खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला पुठ्ठा बांधलेला: मालक, कामगार, दुकानदार, शिक्षक, घर चालवणारे. मावशी नुसती गंमत बघायला आली होती. मागची बाकं भरून गेलेली, पाय दुखायला लागलेले. पुढे एक खुर्ची मोकळी दिसली, तशी तिने जाऊन बूड टेकलं.

"मावशी, पुठ्ठा तरी वाच की," दुकानदारांच्या खुर्चीतला किराणावाला म्हणाला.

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: अजून जन्माला न आलेले.

"जन्माआधीच केस पिकले की गं तुझे!"

सभागृह खदखदून हसलं. मावशी उठायला लागली, पण सरकारने पाठवलेल्या अधिकारीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा आजी. या खुर्चीत बसायला कोणी तयारच होत नव्हतं. या खुर्चीला मत नाही. पण शेवटच्या सभेत एक प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि ज्याला विचाराल त्याने उत्तर द्यायचंच."

"म्हणजे म्हाताऱ्या सासूसारखं," मावशी म्हणाली. "मत कोणी घेत नाही, पण हाकेला ओ द्यावी लागते."

वस्तीचा प्रश्न काय असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगखाना. कालव्याच्या वळणावर तो उभा होता, मावशीच्या वडिलांनी काढलेला, आता तिच्या धाकट्या भावाच्या ताब्यातला. कापड रंगवून झालं की धुवणाचं पाणी थेट कालव्यात जायचं. ते आधी स्वच्छ करून मगच सोडायचं, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो मुदतीचा. काही जण दोन वर्षं म्हणत होते, भाऊ दहा म्हणत होता.

मावशीची उमेदीची सगळी वर्षं त्या रंगखान्यात गेली होती. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, मुलगी झाली, नवरा गेला, पण रोज सकाळी ती रंगाच्या हौदावर हजर. नखांच्या कडांना बसलेली निळाई काही गेली नाही, म्हणून तिचं नाव निळीमावशी. तिच्या खिडकीतून कालवा दिसायचा. उठल्यावर पहिल्यांदा ती खिडकी उघडून पाणी बघायची. लाल असलं की लग्नाचं कापड निघालंय. हिरवं असलं की हॉटेलांचे पडदे. काळं असलं की पलीकडची म्हातारी हमखास विचारायची, "कोण गं गेलं?" आता काम सुटलं होतं, पण खिडकी सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ आला. चपला न काढताच बसला.

"ताई, तू कोणाच्या बाजूची?"

"मी कोणाच्या बाजूची असणार? मी अजून जन्मलेच नाही."

"थट्टा पुरे. दोन वर्षांत करायचं म्हटलं तर वाळवणीचं अख्खं अंगण खणून टाक्या बांधायला लागतील. मग कापड काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू? निम्मी माणसं घरी बसवावी लागतील. त्यांना तोंड कोण दाखवणार, तू?"

"माझ्यावर कशाला ओरडतोस, बाळ्या?"

साठी उलटलेल्या भावाला बाळ्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. तो जरा नरमला. "तू काही विचारूच नकोस. उभी राहा, मला काही विचारायचं नाही म्हण, आणि सरळ घरी ये. वडील असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

"बरं," मावशी म्हणाली.

आणि ती मनापासून बरं म्हणाली होती. खिडकीतून नुसतं मातकट पाणी बघायचं, या विचारानेच तिला ओकंबोकं वाटत होतं. दहा वर्षांनी काय व्हायचं ते होवो. तोवर आपण थोडेच असणार!

शेवटच्या सभेला शाळेच्या बाईंनी भिंतीवर मुलांची चित्रं लावली होती. आपली वस्ती, असा विषय दिला होता. चर्चा सुरू व्हायच्या आधी अधिकारीणबाई हात मागे बांधून एकेक चित्र बघत होत्या. मावशी जवळच बसली होती.

"बाई," त्यांनी शाळेच्या बाईंना विचारलं, "मुलांकडे निळा खडू नव्हता का?"

"होता की. आभाळ बघा ना, निळंच आहे."

"नाही, म्हणजे कालवा. हा लाल आहे. हा हिरवा. हा तर जांभळा."

"हो, मग?" शाळेच्या बाईंना प्रश्नच कळला नाही. त्या याच वस्तीत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. "चित्रं काय एकाच दिवशी काढलीत का सगळी?"

त्यात काय विचारायचं, असाच चेहरा किराणावाल्याचा, कामगारांच्या खुर्चीत बसलेल्या रंगखान्याच्या भट्टीवाल्याचा आणि बाकावरच्या आयांचाही होता. मावशीला मात्र एकदम आपली शाळा आठवली. बाहेरगावाहून आलेल्या गुरुजींनी तिच्या चित्रातल्या लाल पाण्यावर फुली मारली होती आणि पाणी असं नसतं म्हणून कान पिळला होता. बाळ्याने पिवळं काढलं होतं, त्याचाही पिळला. वडिलांनी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हसून हसून सांगितली. मावशीही जन्मभर त्यावर हसत आली होती. आज भिंतीकडे बघून तिला हसू आलं नाही.

दोन्हीकडून बोलणी झाली. मग अधिकारीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मावशी खुर्चीचा हात धरून उठली. समोर भाऊ होता. त्याने किंचित मान हलवली: नको.

"मालकांना विचारायचंय," ती म्हणाली. आणि मग घरच्यासारखं, "बाळ्या, पाण्याचा रंग कुठला रे?"

"आज?" भाऊ चटकन म्हणाला. "आज लाल."

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. भावाची नजर भिंतीवर गेली, तिथे ती खिळली. त्याचा हात नकळत कानाकडे गेला.

"एवढंच विचारायचं होतं," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर भाऊ दहा वर्षांबद्दल बोलला नाही. भट्टीवाल्याने सुचवलं, अर्धं अंगण खणू, अर्धं ठेवू, तीन वर्षं घेऊ, म्हणजे कोणाला घरी बसवावं लागणार नाही. भावाने त्याला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. हात वर झाले, तेव्हा त्याचा खालीच होता.

तो मावशीकडे यायचा बंद झाला. टाक्या बांधून होईपर्यंत रस्त्यात भेटला तरी तब्येतीपुरतं बोलायचा. मावशीनेही समजूत काढली नाही. कोणत्या तोंडाने काढणार!

मग एका सकाळी तिने खिडकी उघडली आणि खाली नुसतं पाणी होतं. जरा गढूळ, बाकी काही नाही. ती बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. काठी घेऊन, गुडघ्यांना शिव्या देत, ती दोन गल्ल्या चालत गेली आणि रंगखान्याच्या दारात उभी राहिली.

"काय गं?" भावाने आतूनच विचारलं.

"आज हौदात काय आहे ते कळेना."

भावाने भिंतीकडचं स्टूल हौदाजवळ ओढलं, त्यावरची धूळ फडक्याने पुसली.

"ये आत," तो म्हणाला. "बघ."