बिभीषणच्या पायातली नागीण

टेकडीखालच्या मांडवात रीघ लागली होती. नागीण उतरवणाऱ्या फडीबाबांनी बिभीषणच्या मांडीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "गेली. नागीण गेली." पाथर्डीच्या बाजाराला निघालेल्या बायाही आत शिरल्या आणि एकेकीनं हात लावून बघितला. परवापर्यंत कातडीखाली टणाटणा उडणारी शीर गप्प होती. गोजरबाईला रडू फुटलं. नवऱ्याचा पाय वाचला, असंच तिला वाटलं.

बिभीषण ऊसतोड करायचा. बिडीनं पायाची रक्तवाहिनी बुजली, अंगठा काळा पडू लागला, तेव्हा नगरच्या डॉक्टर रोहिणीताईंनी त्याच्याच पायातली शीर जोडून रक्ताला नवी वाट करून दिली. घरी पाठवताना गोजरबाईचा हात त्या जागी ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, ही उडतेय ना, रोज बघायची. थांबली तर तशीच निघून यायचं."

पण जांघेपासून घोट्यापर्यंतचा टाक्यांचा वण बघून भावकी हबकली. अंगावर फोडांचा पट्टा उठला की आपल्याकडं नागीण म्हणतात, तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो, असंही छातीठोक सांगतात. इथं तर ती जिवंत उडत होती. जाऊबाई म्हणाली, "अगं, ही वर चढतीय. डागदरला काय कळतंय त्यातलं?" गोजरबाई घाबरली, आणि घाबरलेल्या माणसाला रस्ता दाखवायला गाव टपलेलंच असतं.

बाबांचा इलाज सोपा. जांघेशी काळा दोरा, त्यात पितळेची नागाची फडी, आणि दर अमावास्येला एक पीळ जास्त. "फडीवर फडी, कशी चढंल वेडी?" यमक जुळलं की झाला मंत्र. पाय गार पडला, तर म्हणे विष उतरलं. पाय बधिर झाला, तर म्हणे ठणका नेला. काहीही होवो, श्रेय बाबांचंच.

मांडवातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बोटं काळीनिळी झाली. नगरला रोहिणीताईंनी आधी तो दोरा कापला.

"ताई, थांबली ती. बाबांनी थांबवली," गोजरबाई म्हणाली.

ताई खाली बसून सांगू लागल्या, "बाई, जोडलेली शीर जिवंत असते. रक्त भरपूर वाहिलं तर ती रुंदावते, तग धरते. रक्त कमी पडलं की आतून जाड होत जाते, वाट अरुंद होते, आणि शेवटी रक्त तिथंच गोठतं. दोऱ्यानं रक्त अडवलं. ती उडत होती, म्हणजे पाय जगत होता."

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. बिभीषण बायकोला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

पुढच्या अमावास्येला ती जाऊबाईला घेऊन मांडवात गेली. बाबा म्हणत होते, भक्ती कमी पडली. तिनं त्यांच्या पुढ्यातला दोरा उचलला, दंडाला गुंडाळला आणि जाऊबाईला म्हणाली, "पीळ दे. अजून दे." मग मनगट लोकांपुढं धरलं. "बघा हात लावून. लागतीय का नाडी?"

"न्हाई लागत," पुढची बाई पुटपुटली.

"म्हंजी माझी बी नागीन गेली." बाबा उठून आत गेले. गोजरबाईनं दोरा सोडला, मनगटातली नाडी पुन्हा उडू लागली. "माझी आली माघारी. ह्यांची येनार न्हाई. मी रोज हात लावला बायांनो, पन थांबली तवा का थांबली, ते कुनाला इच्यारलं न्हाई. तुमी इच्यारा."