पलीकडची टकटक

ड्रिलला लागणारा जोर अचानक संपला, ड्रिलसकट मी भिंतीवर आदळलो. भोक आरपार गेलं होतं. जायला नको होतं. पलीकडून टकटक झाल्याशिवाय शेवटचा इंच मी कधी पाडत नाही, आणि पलीकडे बायको भिंतीला हात लावून उभी होती.

आमची पद्धतच तशी आहे. ड्रिलचं लांब बिट पलीकडे निघताना प्लास्टरचा पोपडा घेऊन बाहेर पडतं, मग घरमालक त्या खड्ड्याकडे बघून आमचा उद्धार करतो. म्हणून मी एका खोलीतून भोक पाडतो आणि ही पलीकडे, बिट निघणार त्याच जागी, फडक्याची घडी तळव्याने दाबून धरते. भिंत हाताला जोरात थरथरली की दुसऱ्या हाताने तीनदा ठोकते. मी थांबतो, ती हात काढते, आणि उरलेला इंच मी हळूहळू पोखरतो. तिचा शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही असंच काम करतोय. बाकीचे मिस्त्री हसतात, बायकोला शेपटासारखी घेऊन हिंडतो म्हणतात. हसू देत. त्यांची प्लास्टरं फुटतात, आमचं त्या दिवसापर्यंत एकदाही फुटलं नव्हतं.

मी बटण सोडलं. बिट मागे ओढायची हिंमत होईना. त्याला पलीकडे काय लागलं असेल, ते मला बघायचं नव्हतं. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. की आलं आणि मला ऐकू आलं नाही? ड्रिल तसंच भिंतीत अडकवून मी स्टुलावरून उतरलो. हॉलमधून आठ-दहा पावलं टाकून त्या खोलीत गेलो.

ती उभी होती. डावा हात उजव्या हातात घट्ट धरून. भिंतीतून बिट वीतभर बाहेर आलं होतं आणि फडकं त्याच्याभोवती पिळून बसलं होतं. मी तिची बोटं मोजली. खरंच मोजली, एकदा नाही, दोनदा. पाचही होती. अंगठ्याशेजारची कातडी सोलून निघाली होती आणि तिथून रक्त ठिबकत होतं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

घर एका सरांचं. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. नेटची, टीव्हीची आणि स्पीकरची वायर भिंतीच्या आतूनच जायला हवी, बाहेर एक पट्टी दिसता कामा नये, असा त्यांचा हट्ट. रंग नवाकोरा. सकाळीच त्यांनी हिच्या हातातली हातोडी काढून घेतली होती आणि ठोकायचं तर बोटांनी ठोका म्हणून बजावलं होतं. ते धावत आले, आधी रक्त बघितलं, मग फुटलेलं प्लास्टर, आणि हे झालंच कसं, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"माझं चुकलं, सर. मी ठोकायला विसरले," ती लगेच म्हणाली.

नऊ वर्षांत ती कधी विसरली नव्हती. ती खोटं का बोलतेय, हे मला कळलं. पूर्वी ती बोटांनी ठोकायची. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायला लागली, आणि वर्षभर तर हातोडीनेच. भिंत पाडायची आहे का गं, अशी मी चेष्टाही केली होती. ती हसली नव्हती. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला होता, खोटं कशाला बोलू? फोनवर गिऱ्हाइकाचं बोलणं कळेना म्हणून मी सगळ्यांना मेसेज करायला सांगत होतो. सव्वीस वर्षं ड्रिल कानाशी धरल्यावर दुसरं काय होणार? पण आमचा धंदाच कानाचा. भिंतीत पाण्याचा पाइप कुठून गेलाय, ते आम्ही ठोकून ओळखतो. बहिऱ्याच्या हाती आपली भिंत कोण देईल, या भीतीने मी मूग गिळून बसलो होतो.

सर तिला सुनावत होते, कामात एवढा निष्काळजीपणा कसा चालतो म्हणून. ती मान खाली घालून ऐकत होती, हातातून रक्त ठिबकत होतं. मला स्वतःची किळस आली.

"तिने ठोकलं असणार, सर," मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही. मला आता कमी ऐकू येतं."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिचंच गुपित फोडलं. सर आत जाऊन औषध घेऊन आले, त्यांनी स्वतः तिची जखम धुतली, पट्टी बांधली. मग खाली बघतच विचारलं, स्पीकरच्या वायरीचं दुसरं भोक बाकी आहे, ते कोण पाडणार? इथून आपल्याला हाकलणार, असंच वाटलं.

"मी पाडते," बायको म्हणाली. "सर, तुम्ही पलीकडून ठोका. फक्त हात वीतभर लांब ठेवा."

मी तिला ड्रिल दिलं. कोपर कमरेला टेकवायचं, अंगाचा भार टाकायचा नाही, बिट आपणहून आत जातं, एवढं सांगितलं. मग मला काही कामच उरलं नाही. एक पुठ्ठा दुमडून मी भोकाखाली धरला, म्हणजे धूळ फरशीवर सांडणार नाही. ड्रिल सुरू झालं. मघाइतकीच भीती वाटत होती मला. पुठ्ठ्यावर विटेचा लाल भुगा साठत होता आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मध्येच तिने बटण सोडलं.

"ठोकलं?" मी विचारलं.

तिने हो म्हणून मान हलवली आणि उरलेला इंच हळूहळू पोखरायला घेतला.