भुरभुरसुद्धा पाऊसच

मित्रांनो, जिथे छत्री उघडली की माणसाचं नाक कापलं जातं, अशा गावातला मी एक जुना पर्जन्यमापक आहे. गावाचं नाव हेमलॉक बे. समोर पॅसिफिक महासागर, मागे डोंगर आणि डोक्यावर जवळजवळ बारा महिने ढग. इथे कडाक्याची थंडी नाही, उकाडा नाही. आहे तो पाऊस, आणि त्याचा आम्हाला भलता अभिमान.

एका कारागिराने मला तांब्याच्या पत्र्यातून घडवलं. वर नरसाळं आणि आत एक अरुंद नळी, एवढाच माझा संसार. एकतीस वर्षं हिल्माबाई रोज सकाळी सात वाजता माझ्याकडे येत. नळीत पट्टी बुडवायची, ती कुठवर भिजली ते वहीत लिहायचं आणि मला रिकामं करायचं. नरसाळ्यात देवदाराची एक काडी अडकली तरी त्या हळहळत.

शेजारच्या स्टोन क्रीकशी आमची जुनी चुरस. वर्षभरात ज्या गावात पाऊस कमी, तिथल्या मोजणाऱ्याने जिंकलेल्या गावाच्या रस्त्यातून उघडी छत्री घेऊन चालायचं! गेली दोन वर्षं ही फजिती हिल्माबाईंच्याच वाट्याला आली होती. यंदा काहीही करून जिंकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, मला रिकामं करून परतताना, त्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. घोटा मोडला. त्यांना इस्पितळात नेलं आणि वही आली त्यांच्या नवऱ्याकडे, आयनोकडे. आयनो म्हणजे जन्मभर जंगलात झाडं तोडलेला गडी. रोज सकाळी तो खिडकीतून एक नजर टाकी आणि वहीत शून्य लिही. पाच दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. काठावर गोगलगाय येऊन बसली. मला फार वाईट वाटलं, पण ओरडणार कसा? मी आपला साठवत राहिलो.

एकतीस डिसेंबरला सकाळी शेवटच्या मोजणीसाठी स्टोन क्रीकच्या मोजणाऱ्या ग्लॅडिसबाई हजर झाल्या. काखेत वही, हातात छत्री. हिल्माबाई कुबड्या टेकत नुकत्याच घरी परतल्या होत्या. दोघींनी अंगणातच वह्या पडताळल्या आणि ग्लॅडिसबाई ओरडल्या,

"एकतीस शतांश इंचांनी आम्ही पुढे! घे बाई, तुझी लाडकी छत्री."

हिल्माबाई वहीकडे बघतच राहिल्या. "आयनो, पाच दिवस शून्य? अरे, तुझी टोपी निथळतेय!"

"ती होय? भुरभुर आहे नुसती. पाऊस कुठे पडला?"

"डबा उघडून पाहिलास का?"

"पाऊसच नाही तर डबा कशाला उघडू? माझ्या बापाने भुरभुरीला कधी पाऊस म्हटलं नाही."

"तुझ्या बापाने पर्जन्यमापक सांभाळला नव्हता!"

ग्लॅडिसबाई पुढे झाल्या. "भांडू नका. मीच मोजते, म्हणजे मागाहून कुरकुर नको."

त्यांनी नरसाळं काढलं आणि पट्टी बुडवली. पाच दिवसांची भुरभुर माझ्या पोटात सुखरूप होती. ग्लॅडिसबाईंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, पुसली, पुन्हा बुडवली. मग खाली मान घालून म्हणाल्या, "अडतीस."

सात शतांशांनी आम्ही जिंकलो!

"मेल्या आयनो," ग्लॅडिसबाई म्हणाल्या, "तुझा आळससुद्धा मला भोवला!" आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या.

दुपारी त्या छत्री उघडून आमच्या अंगणासमोरून गेल्या. सगळं गाव शिट्ट्या वाजवत होतं आणि हिल्माबाई एक कुबडी उंच नाचवत होत्या. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता हिल्माबाईंचा पाय बरा होईपर्यंत आयनोच येतो. ऊन पडलं तरी येतो, नरसाळं पुसतो आणि लाजत लाजत पट्टी बुडवतो.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद असेल, कुंपणाशी गवतात विसरलेला. त्याची काडी काढा, गंज पुसा. आणि खिडकीत बसून शून्य लिहू नका. बाहेर या, वाका आणि आत पाहा. तुमच्यासाठी त्याने थेंबन् थेंब जपून ठेवलेला असतो.