सात नंबरची वाटी

मित्रांनो, मी स्टीलची एक जुनी वाटी आहे, आणि मी चांगलीच चिडलेली आहे. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

कारखान्यात एकाच पत्र्यातून आम्ही तीस जणी निघालो. इस्पितळात आल्यावर आमच्या बुडाला नंबर कोरले, आणि मी सात नंबरच्या खाटेची झाले. सकाळ-संध्याकाळ औषधांची गाडी यायची, माझ्यात गोळ्या पडायच्या, पेशंट त्या घ्यायचा. काम छोटं, पण मला त्याचा केवढा तोरा!

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर फार मायाळू. ज्याला पोटातल्या जळजळीसाठी ते पांढरं पातळ औषध असायचं, त्याच्या गोळ्यांवर त्या तेच ओतायच्या. गोळी सुळकन उतरायची, शिवाय एका फेरीत सगळं आटपायचं. "सिस्टर, तुमच्या हातची गोळी कळतसुद्धा नाही," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मीही फुगायचे. माझ्या आत पांढरं वळं कायमचं बसलं होतं, आणि मला तो दागिना वाटायचा. आग लागो त्या दागिन्याला!

मग सात नंबरवर शिंपीदादा आले. मशीनची सुई उजव्या अंगठ्यात घुसून पू पार हाडापर्यंत गेला होता. इंजेक्शनं त्यांना सोसत नव्हती, म्हणून जंतू मारणारी गोळी सुरू झाली. पोट जळतं म्हणाले, तर पांढरं औषधही आलं. दोन्ही माझ्यात, एकदमच. दहा दिवस झाले तरी ताप हटेना, सूज उतरेना.

डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली. "गोळी लागू पडत नाहीये. सोमवारी अंगठा काढावा लागेल."

शिंपीदादांची थोरली बहीण स्टुलावरून ताडकन उठली. "अहो, अंगठा गेला तर हा कात्री कशी धरणार?"

शिंपीदादा भिंतीकडे तोंड करून रडले. मी तिथेच टेबलावर होते आणि माझं डोकं भणभणत होतं. घोड्याचे पाय बांधायचे, आणि वर म्हणायचं घोडा पळत नाही!

शुक्रवारी एक नवी सिस्टर कामावर आली. तिने मला उचललं, आतलं वळं नखाने खरवडलं आणि बहिणीला विचारलं, "ताई, हे पांढरं कसलं?"

"जळजळीचं औषध. गोळी त्यातच तर देतात."

ती तडक मोठ्या सिस्टरांकडे गेली. "मॅडम, ही गोळी आणि हे औषध एकत्र चालत नाही. ते गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. आधी गोळी द्यायची, आणि मग निदान दोन तास थांबायचं."

"तू मला शिकवतेस? तीस वर्षं मी अशीच देतेय!"

डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी फाईल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही औषधं त्यांनीच एकाखाली एक लिहिली होती, वेळ मात्र लिहिलीच नव्हती. वा रे शहाणे!

त्या दिवसापासून गोळी साध्या पाण्याबरोबर गेली. रविवारी ताप उतरला. सोमवारचं ऑपरेशन आधी पुढे ढकललं आणि मग रद्दच झालं.

दोन महिन्यांनी शिंपीदादा स्वतः शिवलेला एप्रन घेऊन आले. अंगठा जरा वाकडा होता, पण जागेवर होता. मोठ्या सिस्टरांपुढे हात जोडून म्हणाले, "तुमचा हातगुण, सिस्टर!"

त्या आपल्या हातांकडे बघतच राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी मला नळाखाली धरलं आणि वळं निघेपर्यंत घासघास घासलं.

वळं गेलं, राग काही गेला नाही. मित्रांनो, औषधाला नावं ठेवण्याआधी एवढं तरी विचारत जा, की ते कधी दिलं आणि कशाबरोबर दिलं. विचारल्याने कुणाचा मान जात नाही.

शिंपीदादांच्या आधी याच खाटेवर एक धोबीणकाकू होत्या. त्यांच्या पायाची जखम भरलीच नाही. 'औषध लागू पडलं नाही' असं कागदावर लिहून त्यांचा पाय कापला. कुबड्या घेऊन निघताना त्यांनीही सिस्टरांचे हात धरले होते, आणि म्हणाल्या होत्या, तुमच्या हातची गोळी कळतसुद्धा नाही.