गिटारीचा कौल

पिवळ्या पाकिटातल्या तारा लावल्या तेव्हा वाटलं, कुणीतरी पितळेची भांडी घासून अंगणात उन्हाला मांडलीत. निळ्या पाकिटातल्या लावल्या, तेव्हा भांडी गेली आणि नुसतंच ऊन उरलं. काळं पाकीट मी बरेच दिवस फोडलंच नव्हतं.

पाकिटांवर कंपन्यांची नावं आहेत, वळणदार इंग्रजीत, पण मी ती रंगावरनंच ओळखते. आमच्या गुंद गावात इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांवर बोलायला तसंही दुसरं कुणी नाही. नवऱ्याशी बोलून बघितलं. वासूनं तिन्ही पाकिटं हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि विचारलं, "ह्यातली कुंपणाला कंची चालंल?"

गिटार माझ्या भाच्याची, सागरची. तो गोव्यात हॉटेलांत वाजवतो. नवी घेतली तेव्हा जुनी आमच्याकडं ठेवून गेला, डब्यासकट. डबा म्हणजे तिचा स्पीकर. डब्याला जोडली नाही तर ही गिटार डासाएवढीच गुणगुणते. "ठेव गं आत्ते, कधीतरी नेतो," म्हणाला होता. मी तिच्यावरची धूळ पुसायची, पुसता पुसता बोट तारेला लागायचं, आणि लागलेलं बोट मग लवकर निघायचं नाही. शिकले ती अशी. पुढचं मोबाईलवर. आमच्या घरात रेंज नाही, नंदिगड्ड्याच्या वाटेवरच्या एका वळणावर येते. तिथं उभं राहून व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि घरी येऊन बघायचा. त्यामुळं वळणावर जेवढं उतरलं तेवढंच मला येतं. माझी काही गाणी मधेच संपतात.

एवढा तारांचा घोळ घालायचं कारण म्हणजे भजन. सुगी संपली की आमच्या देवळात सप्ता बसतो. दिवसरात्र भजन चालतं, एकेका वाडीनं आपापल्या पाळीला बसायचं. आमच्या वाडीचे बुवा म्हणजे माझे चुलतसासरे, म्हाबळेश्वर मामंजी. यंदा आमची पेटी गेली. पेटी होती झिलूची आणि झिलू सासुरवाडीची शेती बघायला दिग्गीला जाऊन राहिला, पेटी घेऊन. सुराला कुणी उरलं नाही.

लग्न होऊन आल्यापासून मी त्या भजनाला चहा देत आलेय. कपबशा गोळा करता करता कुठली ओळ कुठं वळते, कुठं मामंजींचा श्वास तुटतो आणि ते खोकल्यात कसा लपवतात, सगळं मला पाठ. मला त्यात बसायचं होतं. दाराशी नाही, आत, सतरंजीवर. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलली ती शेजारची गिरजाक्का.

"शकुंतलाला बसवा की," तिनं मामंजींना तोंडावर सांगितलं. "पेटीसारखं कायतरी हाय तिच्यापाशी. रोज दुपारी माझी झोप मोडतीया."

मग आमच्या अंगणात एक दिवस तालीम झाली. गिटारीला निळ्या पाकिटातल्या तारा होत्या. त्या तारा पोलादी, चकचकीत, बोटाला जरा बोचणाऱ्या. एक छेडली की आवाज सरळ माडाच्या शेंड्यावर जाऊन बसायचा. मी दुसऱ्या ओळीवर हात फिरवला आणि मृदंगवाल्याचा हात थांबला. मामंजींनी टाळ खाली ठेवले.

"सूनबाई, हे वाजतंय का कुणाला चावतंय?"

सगळे हसले. मीही हसले, कारण हसलं नसतं तर दुसरंच काहीतरी झालं असतं.

"देवळात न्यायचं म्हटलं तर देवाला इचारल्याबगर न्हाई," मामंजी म्हणाले. "आयतवारी कौल लावू. तवर ह्याचा दात काढता आला तर काढ."

आमच्याकडं काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय अडलंय ते देवाला नीट सांगतो, आणि फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दगडी अंगाला उजवीकडं-डावीकडं चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. लग्नं अशी ठरलीत, विहिरी अशा खणल्यात. गिटार अजून कुणी विचारली नव्हती.

रामनगरला प्रज्योतचं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे. बेळगावहून तो मला तारा आणून देतो. त्याला मी दाताचं सांगितलं.

"अक्का, दात गिटारीला नसतोय, तारंला असतोय," तो म्हणाला. "निळी पोलादाची, ती चावणारच. पिवळीत निकेल हाय, ती जरा सोशिक. काळी बघा लावून. जाड तारंवर बारीक तार गुंडाळलेली असती न्हवं? बाकीच्यांचे वेढे गोल असतात, हिचे चपटे. बोट घासत न्हाई. पण आवाज म्हातारा हाय तिचा. पोरं न्हाई घेत."

मला म्हातारा आवाज नको होता, खरं सांगायचं तर. म्हणून आधी पिवळ्याच परत काढल्या. त्यांच्यावर आमच्या दमट हवेनं गंजाचे ठिपके धरले होते. मी डोकं चालवलं. टाचेच्या भेगांना, कोयत्याच्या पात्याला आम्ही भिरंडेल लावतो, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. ते मी सहाही तारांना चोळून चोळून लावलं. गंज गेला. आवाजही गेला. ओलं सुंभ ओढल्यासारखी गिटार वाजायला लागली आणि वासू म्हणाला, "आता बरं वाजतंय."

शेवटी काळं पाकीट फोडलं.

सकाळची वेळ होती. धुकं अंगणातनं निघून माळावर गेलं नव्हतं, भाताच्या उडव्या त्यात बसलेल्या म्हशींसारख्या दिसत होत्या. मी जाड तार खुंटीला पिळली, बोट ठेवलं आणि सरकवलं. काही घासलं नाही. बाकीच्या तारांवर बोट सरकवलं की चिमणी दाबल्यासारखा एक चिरका आवाज निघतो, तो निघाला नाही. तार नव्हतीच जणू, मांजराची पाठ होती. छेडली, तर आवाज वर गेलाच नाही. खाली गेला. जोत्यात गेला, तिथनं मातीत, आणि हळूहळू पसरत राहिला. माझ्या आईचं माहेर सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. आई सांगायची, पाणी चढलं तेव्हा घरं बुडाली पण वाटा खालनं तशाच चालत राहिल्या असतील. मी तो आवाज ऐकत बसले आणि मला वाटलं, त्या वाटेनं कुणीतरी चाललंय, घाई नसलेलं.

किती वेळ गेला कळलं नाही. धुकं गेलं, चुलीवरची पेज लागली.

तरी मी दोन दिवस अडून बसले. कारण निळ्या तारांवर मी कुणाचीच सून नव्हते. त्या तारा हाताखाली असल्या की धनेश पक्षी जंगलावरनं जाताना पंखांचा जो मोठा श्वासासारखा आवाज येतो, तसं काहीतरी माझ्यातनं जायचं. काळ्या तारांवर मी चांगली वाजवायचे, पण कुणाच्या तरी मागं बसून वाजवल्यासारखी. मागं बसायची सवय मला होती. म्हणूनच भीती वाटत होती.

शेवटी मीच मला समजावलं. निळ्या घरात वाजवता येतात. भजन घरात होत नाही.

आयतवारी जेवणं झाल्यावर आम्ही देवळात गेलो. वासूनं डबा खांद्यावर घेतला होता. विजेचं बटण गाभाऱ्याच्या पायरीजवळ, म्हणून त्यानं डबा तिथंच पायरीवर ठेवला. गणपती गुरवानं पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, पण मधेच अडखळला.

"हिला काय म्हणायचं?"

"गिटार म्हण."

"देवाला कळंल व्हय?"

"मामंजींना कळली, देवाला का न्हाई कळणार?" गिरजाक्का म्हणाली.

गणपतीनं गाऱ्हाणं पुरं केलं. आमच्या ह्या सुनेनं ह्या गिटारीच्या तारा बदलल्यात, दात काढलाय, आता ती भजनाला बसवावी का न बसवावी, ते तुझं तू सांग. सगळे हात जोडून पाकळ्यांकडं बघायला लागले.

मामंजी म्हणाले, "थांबा. देवानं ऐकल्याबगर देव सांगणार कसा? वाजव गं."

हे सगळ्यांना बरोबर वाटलं. मलाही वाटलं. मी जाड तार छेडली आणि उजवी पाकळी टपकन पडली.

"दिला!" गिरजाक्का म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसतेय तोवर मामंजी पुढं झाले होते. त्यांनी पायरीवर हात ठेवला. "परत वाजव." मी वाजवली. त्यांनी हात तसाच ठेवला, मग देवाच्या दगडाला लावला, मग माझ्याकडं बघितलं.

"हा कौल देवाचा न्हाई. डब्याचा हाय. दगूड हलतोय."

वासूनं देवळातली उत्सवाच्या दिव्यांची लांब वायर जोडून डबा बाहेर अंगणात नेला. गणपतीनं नव्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं परत घातलं, ह्या खेपेला न अडखळता. मी वाजवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी सुटली, देवाच्या मांडीवरनं घसरली आणि खाली पडली.

माझ्या बोटांखाली तारा गार पडल्या.

"मग ती बी डब्याचीच," गिरजाक्का म्हणाली.

"डबा भायर हाय."

"भायर असला म्हणून काय झालं? मघाशी आत हुता तवा त्याचा कौल, आता भायर हाय तर देवाचा? तुमच्या सोयीनं व्हय?"

मामंजींनी दाराबाहेरच्या डब्याकडं बघितलं. माणूस कडक आहे, पण खोटा नाही. "डबा बंद करा," ते म्हणाले. "सगळंच बंद करा. तिसऱ्यांदा लावू. ह्या खेपेला जे हुईल ते."

वासूनं वायर काढली. गणपतीनं पाकळ्या लावल्या आणि आम्ही बसलो.

पाकळ्या पडेनात. असं होतं कधीकधी. मग बसून राहायचं, उठायचं नाही. दाराबाहेर ऊन कलत होतं, पिंपळाची सावली पायऱ्या चढून आत येत होती. कुणीतरी जांभई दिली. गणपतीनं भिंतीला पाठ टेकली. मला कळत होतं की हे माझंच काहीतरी तिथं दगडाला चिकटून राहिलंय, ओलं, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं. म्हणून मी खाली बघितलं. मांडीवर गिटार होती. बोटं आपोआप सरकायला लागली.

डबा नसलेली गिटार म्हणजे कितीसा आवाज. पण तेवढ्या शांततेत तो पुरत होता. मी मामंजींच्याच भजनाची चाल धरली होती, कपबशा उचलताना ऐकलेली. जाड तारेवर एक सूर धरून ठेवायचा, आणि बारीक तारांवरनं ओळ चालत जायची, जिथं मामंजींचा श्वास तुटतो तिथं थांबायची, मग पुढं. चपटे वेढे बोटाला लागत नव्हते. सावली आणखी एक पायरी वर आली. मला वाटत होतं मी एकटीच आहे.

"काय म्हणतीया ती?" मामंजींनी गणपतीला विचारलं. मग उठले, माझ्याजवळ येऊन बसले आणि कान पुढं केला. "तिथं का थांबलीस?"

"तुम्ही थांबता तिथं."

ते मग एकदम खोकले, पण ह्या वेळी लपवायला नाही.

"खालचा सूर सोडू नको. दाबून धर."

मी धरला. ते गुणगुणायला लागले. मृदंगवाल्यानं मांडीवर ठेका धरला. गिरजाक्काला पाठ नसलेल्या ओळीही ती म्हणायला लागली. आवाज कुणाचाच मोठा नव्हता, कारण मोठा झाला की गिटार बुडायची, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. देवळात एवढ्या हळू गाताना मी त्या माणसांना कधी ऐकलं नव्हतं.

संपल्यावर गणपती दचकून गाभाऱ्याकडं वळला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. कडांनी सुकायला लागल्या होत्या.

"न्हाई पडली," तो म्हणाला. "कौल न्हाई दिला. आता?"

सगळे मामंजींकडं बघायला लागले.

"देव ऐकत बसला हुता," ते म्हणाले. "ऐकणाऱ्याला मधनंच उठवून काय इचारायचं?" मग वासूला म्हणाले, "डबा आण. पर दारातच ठेव. आणि आवाज एवढाच, ही आत्ता वाजवत हुती तेवढा. बोटभर जास्त न्हाई."

"आणि ती कुठं बसणार?" गिरजाक्कानं विचारलं. तिला सगळं उघड बोलून घ्यायची सवय आहे.

मामंजींनी सतरंजीवर आपल्या डाव्या बाजूला हात आपटला. तिथं झिलू बसायचा.

मी बसले. वासूनं वायर जोडली, बटण अगदी थोडं फिरवलं. मामंजींनी टाळ उचलले, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि गाईनात. सगळे थांबले. मला वाटलं ओळ विसरले, म्हणून मी हळूच ओळ सांगितली. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली.

"ओळ ठावं हाय मला," ते म्हणाले. "सूर दे."

मी जाड तारेवर बोट ठेवलं आणि दिला.