तळ्याकाठची घासणी

मित्रांनो, मी घोसाळ्याची एक जुनी घासणी आहे. फिनलंडमधल्या एका खेड्यात, तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीघरात मी खुंटीला टांगलेली असते. अंग झिजलंय, पण ताठा गेलेला नाही. का जावा? जिथं जूनपर्यंत जमिनीतली थंडी हटत नाही, तिथं मी पिकले आहे.

इंपीआजीनं चाळीस वर्षं सायकलवरून गावाचं टपाल वाटलं. शहात्तराव्या वर्षी बर्फावर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा तिचा मुलगा यार्मो म्हणाला, "आई, घर विक आणि शहरात माझ्याजवळ ये. परसातल्या काचघरात तरी काय उरलंय? दोन वर्षं तुझी घोसाळी कुजलीच ना?"

"या वर्षी एक जरी पिकलं, तर मी इथंच राहणार."

"आणि नाही पिकलं तर?"

"तर सामान बांधीन."

फेब्रुवारीत तिनं चार बियांच्या कडा पॉलिश पेपरवर घासल्या, दिवसभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि मातीत पेरून कुंडी भट्टीच्या ओट्यावर ठेवली. एकच उगवली. जूनमध्ये रोप काचघरात गेलं. मुळं गारठू नयेत म्हणून कुंडी फळीवर. आत मधमाशी फिरकेना, म्हणून आजीनंच नर फुलाचा पराग कुंचल्यानं मादी फुलांना लावला. तीन फळं धरली. दोन तिनं खुडली, सगळं बळ मला मिळावं म्हणून.

शेजारीण हेल्का हसायची. "इंपे, गुपचूप काकड्या लाव की. हे गरम मुलखातलं खूळ कशाला?"

"काकडीनं पाठ घासून दाखव, मग लावते."

सप्टेंबर उजाडला आणि रेडिओनं कडाक्याच्या हिमाचा इशारा दिला. दुपारी यार्मो आला, तर आई शिडीवर, हातात घोंगडी.

"उतर आधी. पुन्हा हाड मोडून घेशील."

"उतरले तर हे मरेल."

"मरू दे."

"पैज जिंकायला आलायस का रे?"

त्यानं शिडी घट्ट धरली. मग म्हणाला, "उतर. मी बांधतो."

घोंगड्या कमी पडल्या, तेव्हा त्यानं अंगातला लोकरी स्वेटर काढला आणि त्यात मला गुंडाळलं.

सकाळी पानं काळी पडून लोंबत होती. स्वेटरात मी पिवळी, पण शाबूत होते. महिनाभर भट्टीजवळ वाळले, खुळखुळू लागले. आजीनं साल सोलली, बिया झटकल्या आणि मला मुलाच्या हातात दिलं.

"ही तर खरंच घासणी आहे," तो म्हणाला.

"मग काय, टोपी वाटली?"

तो खिशातून टेप काढून बाहेर गेला.

"काय मोजतोयस?"

"न्हाणीघराच्या पायऱ्यांना कठडा हवा. तू इथंच राहणार म्हटल्यावर."

याला तीन हिवाळे झाले. दर शनिवारी आजी कठडा धरून येते, मला गरम पाण्यात बुडवते आणि पाठ लाल होईपर्यंत घासते.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. काम झालं की मला घट्ट पिळा आणि वाऱ्याला टांगा. कोपऱ्यात ओली टाकाल, तर कुजेन. आणि कुजायची माझी तयारी नाही. आजीचीही नाही.